बाबूजींचं अमानत खातं

कोटाच्या दोन खिशांत बाबूजी दोन थैल्या बाळगत. डाव्या खिशातली सोसायटीची, उजव्या खिशातली स्वतःची. एकदा अकोल्याहून विमा एजंटाकडचं काम उरकून परतताना बडनेऱ्याला त्यांची अमरावतीची गाडी चुकली. उजव्या थैलीत दीड आणा होता आणि टांगेवाला तीन आणे मागत होता. डाव्या थैलीत सोसायटीचे एकेचाळीस रुपये होते. ते बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत उन्हातून पायी आले, आधी हापिसात गेले, एकेचाळीस रुपये मोजून तिजोरीत ठेवले आणि मग रांजणाशी जाऊन पाणी प्यायले. हे मला हापिसच्या शिपायानं सांगितलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं.

आमच्या घरबांधणी सोसायटीचे ते हेडकारकून. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. अमरावतीतल्या कचेरीतले, शाळांतले, कापसाच्या जिनांतले पगारदार आणि काही माळी-बागवान अशा साठ-पासष्ट माणसांनी मिळून ही सोसायटी काढली होती. ती घरासाठी कर्ज द्यायची, घर तिच्याकडे गहाण राहायचं, आणि पंधरा वर्षं दरमहा हप्ता भरला की गहाणखत परत मिळायचं. मी जिल्ह्याच्या खजिन्यात नोकरीला होतो. माझंही घर त्यातलंच. तोंडावर सगळे त्यांना बाबूजी म्हणत. पाठीमागं बाराभागे म्हणत, कारण समोर आलेल्या कुठल्याही खर्चाला ते पहिल्यांदा बारानं भागत.

बोलणं अस्सल वऱ्हाडी, पण हापिसाबाहेर सोसायटीबद्दल एक शब्द नाही. रस्त्यात कुणी "बाबूजी, माझा हप्ता..." म्हणून अडवलं तर चालता चालताच म्हणत, "हापिसात या." बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं हेच. सभासदाच्या घरी चहा घेत नसत. जे सांगायचं ते हापिसात सांगत, नाहीतर कार्ड लिहून पाठवत. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कायम लाल शाई आणि दुसऱ्याला काळी. त्या दोन शायांचा अर्थ मला भांडायला गेलो तेव्हा कळला.

त्यांच्या घरी मी फक्त एकदा गेलो, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. स्वयंपाकघरात फळीवर पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर कागद चिकटवलेला: दिवाळी, फी, कपडे, घरपट्टी, दुखणं. शेवटच्या डब्यावर लिहिलं होतं, चिखलदरा. मी त्याच्याकडं बघतो आहे हे पाहून त्यांच्या बायकोनं पदर सावरत मला गोष्ट सांगितली.

"मले एकडाव तठी जाचं होतं बाप्पा, उन्हाळ्यात. यायनं डबा केला. सात वर्सं आना-दोन आने टाकत गेले. मंग मी बिमार पडलो. दुखन्याचा डबा दोन दिवसांत खाली झाला. चिखलदऱ्याच्या डब्यात अठरा रुपये होते, अन् यायनं डाक्तरचे पैसे शेजाऱ्याकून याजानं आनले!"

बाबूजी दारातच उभे होते. म्हणाले, "तो पैसा चिखलदऱ्याचा होता. तुही बिमारी चिखलदऱ्यात नोती."

"मग गेलात का चिखलदऱ्याला?" मी विचारलं.

"गेलो ना," बाई म्हणाल्या. "पैसा जमेपर्यंत पावसाया लागला. दोन दिवस राहिलो. दोनी दिवस धुकं. यायले मी दिसत नोतो अन् मले हे."

सगळे हसले. बाबूजीही हसले. पण शेजाऱ्याच्या व्याजाचे सव्वादोन रुपये कुठल्या डब्यातून दिले, ते त्यांनी मला तिथंच सांगितलं.

माझं भांडण त्याच्या आधीचं. कर्जाचा माझा हप्ता अकरा रुपयांचा होता, आणि त्यावर सव्वा रुपया जास्तीचा घेत, एकूण सव्वाबारा. कुणी विचारलं तर मी सांगत असे की घरपट्टी आणि विमा सोसायटीच भरते. त्यापलीकडं मी लक्ष घातलं नव्हतं. एका वर्षी कार्ड आलं की पुढच्या महिन्यापासून पावणेतेरा भरा. मी दुपारच्या सुटीत तडक सोसायटीत गेलो.

"बाबूजी, आठ आणे कशाचे वाढवले? कर्ज वाढलं नाही, व्याजाचा दर वाढला नाही."

"बसा ना भाऊ. काहून तापून राहिले?"

"मला हिशेब दाखवा."

"दाखवून राहिलो ना." त्यांनी दोन वह्या समोर ठेवल्या. एकीत काळी शाई, एकीत लाल. "हे कायी वही आमची. तुमी कर्ज घेतलं, ते फेडून राहिले, ते याच्यात. हे लाल वही तुमची. याच्यातला पैसा सोसायटीचा नोय. याले अमानत म्हन्ते. तुमच्या घराची सालाची पट्टी किती?"

"नऊ रुपये."

"आगीचा इमा?"

"सहा."

"झाले पंधरा. बारा भाग करा."

"सव्वा रुपया."

"तो मी दर म्हैन्याले हप्त्यासंगं घेतो अन् लाल वहीत ठेवतो. मुन्शिपाल्टीचा कागद आला की त्यातून पट्टी, अकोल्याच्या एजंटाचा कागद आला की त्यातून इमा. तुमाले एकदम पंधरा काढा लागत नाई. आता औंदा मुन्शिपाल्टीनं सफाई पट्टी लावली, तीन रुपये. म्या तर पंधराच्याच हिशोबानं घेतले होते. तीन कमी पडले. तुमच्या खात्यात अडीच रुपये अडीनडीसाठी पडून राहतात, ते गेले. तरी किती कमी?"

"आठ आणे."

"ते आठ आने सोसायटीनं टाकले, पट्टी भरून टाकली. आता पुढच्या साली लागतीन अठरा. म्हंजे म्हैन्याले दीड. अन् मांगचे तीन बारा म्हैन्यांत काढाचे, म्हंजे चार आने. दीड अन् चार आने?"

"पावणेदोन."

"अकरा अन् पावणेदोन?"

"पावणेतेरा."

"मंग म्या काय जास्तीचं लिवलं? पुढच्या साली हे चार आने निंगून जातीन. पट्टी कमी झाली अन् पैसे उरले, त तुमचे तुमाले वापस. एक पै आमी ठेवत नाई."

मी खजिन्यातला माणूस. दुसऱ्यांचे आकडे दिवसभर तपासायचो आणि स्वतःच्या घराचा साधा बारावा भाग मला माहीत नव्हता. तरी हट्टानं विचारलं, "पण हा उद्योग सोसायटीनं कशाला करायचा? ज्याची पट्टी त्यानं भरावी."

"पयले तसंच होतं." त्यांनी चष्मा काढला. "एका मानसानं तीन साल पट्टी भरली नाई. आमचा हप्ता बरोबर देत होता म्हनून आमाले पत्ताच नाई. एक दिवस मुन्शिपाल्टीचे लोक आले अन् त्याच्या दाराच्या फळ्या काढून घेऊन गेले. मंग घराचा लिलाव. लिलावाच्या पैशातून आधी पट्टी कटते, मंग गहानवाल्याले. तो रस्त्यावर अन् सोसायटीचा पैसा बुडाला. तवापासून मी लाल वही चालू केली."

त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो. दरसाल चैत्रात अमानत खात्याचं कार्ड यायचं: किती आले, किती गेले, किती उरले. ते मी फाईलला लावत असे. शेजाऱ्यांना समजावून सांगत असे. त्यामुळंच असेल, दोन वर्षांनी सभासदांनी मला हिशेब तपासायला निवडलं.

मी चार रविवार बसलो. बाबूजींच्या वह्यांत एका पैची चूक नव्हती. पण एक गोष्ट मला खटकली. कुणाच्या अमानत खात्यात कमी पडलं की बाबूजी सोसायटीच्या शिलकेतून भर घालत आणि नंतर वसूल करत. सहा आणे, एक रुपया दोन आणे, नऊ आणे. अशा सत्तावीस नोंदी निघाल्या. सगळ्या वसूल झालेल्या. दोन ठिकाणी तर शिल्लक कमी म्हणून त्यांनी उजव्या थैलीतून स्वतःचे घातले होते आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. त्या सत्तावीसमध्ये एक नोंद माझी होती, आठ आण्यांची. ती मी मोजली आणि पुढं गेलो.

वार्षिक सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, बाबूजींच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण एका सभासदाच्या पट्टीसाठी दुसऱ्या सभासदांचा पैसा बिनव्याजी वापरणं नियमात बसत नाही. कारकुनानं स्वतःचे पैसे घालणं तर त्याहून गैर, उद्या वाद झाला तर कोण कुणाचं देणं लागतं हेच कळणार नाही. अध्यक्ष वकील होते. त्यांनी मान डोलावली.

बाबूजी इतिवृत्त लिहीत बसले होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मंग एखाद्याचं कमी पडलं त मी काय करू?"

"नोटीस द्या," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत भरतील."

"अन् नाई भरले त?"

"ती त्यांची जबाबदारी."

त्यांनी लेखणी पुन्हा उचलली. मग ठराव स्वतःच्या हातानं लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला आणि खाली सही केली. बाहेर पडताना मला म्हणाले, "बरोबर हाये भाऊ. माहंच चुकत होतं." त्यांना खरंच तसं वाटत होतं. दोन वह्यांत फरक करणारा माणूस, त्यानं एकाच्या पट्टीसाठी दुसऱ्यांच्या पैशात हात घातलाच कसा, याची त्यांना लाज वाटली असावी.

सोसायटीच्या सभासदांत पार्बताबाई नावाची एक माळीण होती. तिच्या नवऱ्यानं वलगावच्या रस्त्याला बागाईत केली होती आणि कर्ज काढून गावात दोन खोल्या बांधल्या होत्या, कवेलूचं छप्पर आणि मेळघाटच्या सागाचे वासे. घर बांधून तीन वर्षांत तो गेला. बागाईत दिरांनी घेतली. बाईकडं दोन खोल्या आणि कर्ज राहिलं. समोरच्या खोलीत तिनं फुलांचं दुकान लावलं, सकाळी घरोघर पुड्या टाकायला लागली, आणि सहा वर्षं हप्ता भरत राहिली. एकही चुकवला नाही. मी हप्ता भरायला जाई तेव्हा बऱ्याचदा तीही असायची. ओल्या फडक्यात बांधलेली चिल्लर टेबलावर सोडायची.

"बाईचे पैसे भिजेल राहतात," बाबूजी म्हणत, "पन येळेवर राहतात."

"सुकले का कमी मोजता काय बाबूजी?" ती म्हणायची.

दुकान लावल्यामुळं नगरपालिकेनं तिच्या घराची आकारणी वाढवली. त्या वाढीनं तिच्या खात्यातली अडीनडीची शिल्लक खाल्ली. तिला ते कार्डानं कळवलेलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. पहिली दोन वर्षं तिनं कार्ड कुणाकडून वाचून घेतलं, दोन्ही वेळा "सगळं बरोबर आहे" असंच ऐकलं, आणि मग वाचून घ्यायचं सोडलं. दरसाल येणारं कार्ड ती देवाच्या तसबिरीमागं ठेवून द्यायची. कुणी हप्त्याचा आकडा सांगितला की तेवढे द्यायचे, एवढं तिला पुरत होतं.

त्या वर्षी माघात लग्नं पुष्कळ होती. बाईला चांगले पैसे मिळाले. तिनं हप्त्याबरोबर दहा रुपये जास्तीचे ठेवले. मी तिथं होतो.

"हे जास्तीचे धरा बाबूजी. पुढं कामी पडतीन."

"मुद्दलात टाकू का? याज कमी होईन तुमचं."

"टाका. तुमाले समजते."

बाबूजींनी काळ्या शाईत दहा रुपये जमा केले, पावती दिली. बाई निघून गेल्यावर मला म्हणाले, "पाहा भाऊ, अशे सभासद पायजे." मलाही तसंच वाटलं. काळ्या वहीत घातलेले पैसे तिचं व्याज कमी करणार होते. लाल वहीत घातले असते तर तिथं नुसते पडून राहिले असते. हिशेबानं बाबूजींनी तिचं भलंच केलं होतं.

चैत्रात तिच्या विम्याचा हप्ता आला. सात रुपये. लाल वहीत तिच्या नावावर सहा रुपये चार आणे होते. बारा आणे कमी.

बाबूजींनी नोटीस लिहिली. कार्डावर, स्वच्छ अक्षरात: विम्यासाठी बारा आणे कमी आहेत, पंधरा दिवसांत भरावेत. कार्ड पोचलं. बाईनं ते तसबिरीमागं ठेवलं. पंधरा दिवस गेले. विमा कंपनी सवलत द्यायची तीही पंधराच दिवसांची. तिची मुदत संपली आणि अकोल्याच्या एजंटाचा कागद आला की विमा बंद झाला. बाबूजींनी तो कागद फाईलला लावला आणि दुसरी नोटीस लिहायला घेतली. मुदत संपून चार दिवस झाले होते.

त्याच दुपारी आग लागली. बाईच्या मागच्या अंगणाला लागून शेजाऱ्यानं पऱ्हाटीची गंजी रचलेली होती, वर्षभराच्या जळणाची. कपाशीच्या त्या वाळलेल्या काड्या वैशाखात बंदुकीच्या दारूसारख्या असतात. कुणाच्या चुलीतली ठिणगी, की कुणाची विडी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी कचेरीतून धावत पोचलो तेव्हा सागाचे वासे आत पडत होते. नगरपालिकेचा पाण्याचा बंब बैलांनी ओढत आणला, तोवर विझवायला काही उरलं नव्हतं. बाई दुकानातलं एक पितळी घमेलं तेवढं बाहेर काढू शकली होती. बायका तिच्याभोवती रडत होत्या. ती रडत नव्हती. तिनं एकीला समजावलं, मी ऐकलं, "रडू नको बाई. इम्याचे पैसे येतीन. मी सहा वर्सं भरून राहिलो."

मी तिथून हापिसात गेलो. बाबूजी लाल वही उघडून बसले होते. त्यांनी ती माझ्याकडं वळवली आणि बोटानं शेवटची ओळ दाखवली. मी ती वाचली. पुन्हा वाचली, कारण खजिन्यातली सवय.

"बारा आणे," मी म्हणालो.

"हो."

मागचा ठराव आम्हा दोघांनाही पाठ होता.

आठवडाभरानं ते माझ्या घरी आले. सभासदाच्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "भाऊ, संगं चाला. अंगठा घ्याचा हाये, साक्षीदार लागते." कशाचा अंगठा, ते वाटेत कळलं. घर राहिलं नाही म्हणजे पट्टी नाही आणि विमाही नाही. मग अमानत खातं बंद करून उरलेली रक्कम मालकाला परत करायची, असा नियम होता. नियम त्यांनीच केलेला.

बाई जळक्या जागेवर एका कापडाखाली बसली होती. समोर टोपलीत मोगऱ्याची फुलं आणि हातात दोरा. काम थांबवलं नव्हतं तिनं. बाबूजी उभ्यानंच बोलले.

"बाई, तुमच्या अमानत खात्यात सहा रुपये चार आने होते. हे तुमचे तुमाले."

"अन् इमा?"

"इमा नाई. सात लागत होते. बारा आने कमी पडले. मुदत निंगून गेली."

तिनं दोरा खाली ठेवला. "मी त दहा रुपये जास्तीचे देल्ते. माघात."

"ते मुद्दलात गेले. तुमाले इचारून टाकले."

"म्हंजे दहा रुपये तुमच्यापाशी होते अन् बारा आने नोते?"

"हो."

"एकाच कपाटात?"

"एकाच कपाटात. वह्या येगयेगळ्या."

"मले काहून नाई सांगतलं?"

"कार्ड धाडलं होतं."

"कार्ड त दरसाल येते." तिनं टोपली बाजूला सारली. "बाबूजी, मी रोज सकायी तुमच्या वसरीत फुलाची पुडी ठेवतो. तुमी तठीच दात घासत बसेल राहता. आग लागली त्या दिवशी सकायी बी आलतो. तुमी म्हनले, आज जास्वंद नाई का. तवा बारा आन्याचं तोंडातून काहून नाई निंगालं?"

बाबूजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. "घरी मी हापिसचं बोलत नाई, बाई," एवढंच म्हणाले. बोलल्यावर ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी पैसे धरलेला हात घाईनं पुढं केला.

बाईनं पैसे घेतले. मोजले. सहा रुपये चार आणे. "अंगठा कुठी लावाचा?" तिनं विचारलं. मी कागद धरला. तिच्या अंगठ्याला फुलांचा हिरवा डाग होता. तो पुसून तिनं शाईचा लावला. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

कमिटीची सभा त्याच महिन्यात झाली; हिशेब तपासणारा म्हणून मलाही बोलावलं होतं. कर्जाचे तीनशे बहात्तर रुपये बाकी होते आणि गहाण ठेवलेलं घर राख झालं होतं. सगळे बाबूजींवर तुटून पडले. अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, "बारा आणे, बाबूजी! माणूस पानसुपारीला घालवतो. खिशातून टाकता आले नाहीत तुम्हाला?"

इतिवृत्ताची जुनी वही टेबलावरच होती. तो ठराव त्यात होता, बाबूजींच्या अक्षरात, माझ्या नावानं मांडलेला. अध्यक्षांनी स्वतः मान डोलावली होती ते त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी हातातली पेन्सिल बघत बसलो. मला वाटलं होतं, बाबूजी स्वतःच वही उघडतील, आणि मग मला बोलावंच लागेल. त्यांनी वहीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नोटीस धाडली होती," ते म्हणाले. "तोंडी सांगाले पायजे होतं. चूक माही हाये."

त्यांनी राजीनामा द्यावा असं ठरलं, आणि तोही त्यांनी तिथंच बसून लिहिला. जिन्यात मी त्यांना गाठलं.

"बाबूजी, ठरावाचं का नाही सांगितलं?"

"ठराव बरोबर होता, भाऊ."

"पण तुम्ही आधी करत होता तसं केलं असतं तर..."

"ते चुकीचं होतं. तुमीच म्हनले ना?" यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं, टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ते कठड्याला धरून खाली उतरले. उतरताना हिशेब करावा तसे पुटपुटत होते, पण काय ते मला ऐकू आलं नाही.

बाईनं पुढचे तीन हप्ते भरले. कुठून, मला माहीत नाही. चौथा आला नाही. सोसायटीनं जागेचा लिलाव केला. ती दोनशे पंचवीस रुपयांना गेली. दर योग्य होता, मी तपासला होता.

पुढच्या वार्षिक सभेत मी नवा ठराव मांडला: अमानत खात्यात कमी पडल्यास सोसायटीनं भर घालून विमा आणि पट्टी वेळेवर भरावी, आणि कमी पडलेली रक्कम पुढच्या बारा महिन्यांत हप्त्यासोबत वसूल करावी. कुणी काही विचारलं नाही. चहा यायच्या आत तो मंजूर झाला. लिहून घेणारा नवा कारकून होता, त्यानं माझं नाव लिहिताना चूक केली आणि मी ती दुरुस्त करून घेतली.

बाबूजी अकोल्याला गेले होते. तिथं कापसाच्या एका अडतीवर त्यांना दिवाणजीची जागा मिळाली असं कानावर होतं. पाच-सहा वर्षांनी खजिन्याच्या कामानं मी अकोल्याला गेलो, तेव्हा शोधत शोधत त्या अडतीवर पोचलो. ते गादीवर बसून वजनाच्या चिठ्ठ्या लिहीत होते. फार वाळले होते. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणाले. मला बसायला जागा केली, चहा मागवला, आणि तो येईपर्यंत माझ्या घराचं किती कर्ज राहिलं ते विचारलं. मी सांगितलं की एक वर्ष राहिलं. त्यांना बरं वाटलं.

मग त्यांनी चिठ्ठ्या बाजूला सारल्या. "बाई कुठी हाये?"

मी त्यांना सांगितलं की जागेचे दोनशे पंचवीस आले. बाईच्या तीन हप्त्यांतून मुद्दलाचे बावीस रुपये कमी झाले होते, म्हणजे साडेतीनशे राहिले होते. त्यातून हे वजा जाता सव्वाशे उरले, ते दोन वर्षं वहीत पुढं चालवून मग बुडीत लिहिले. नियम बदलला, तेही सांगितलं. नव्या ठरावाप्रमाणं आजवर अकरा जणांच्या खात्यांत भर घालावी लागली आणि अकराही वसूल झाले. त्यानंतर एकाचाही विमा बंद पडला नाही.

ते सगळं मान खाली घालून ऐकत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"बाई कुठी हाये, ते इचारलं म्या, भाऊ."

मला ते माहीत नव्हतं.